निराधारांना स्वावलंबी कसे करावे: समितीच्या नव्या अध्यक्षांसाठी

अध्यक्षसाहेब, आधी अभिनंदन. जिल्हा परिषदेचे तिकीट हुकले, बाजार समितीत पॅनेल पडले, पण पालकमंत्री तुम्हाला विसरले नाहीत. तालुक्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजना समितीवर तुमची वर्णी लागली. हार झाले, जेसीबीतून गुलाल उधळून झाला, गाडीवर पाटी लागली. आता जरा तहसीलच्या व्हरांड्यातल्या रांगेकडे बघू.

रांगेत विधवा असतील, नवऱ्याने टाकलेल्या असतील, एखादा पाय गेलेला गडी असेल, आईबाप नसलेली पोरे असतील. सगळ्यांचा प्रश्न एकच: "साहेब, पगार कधी चालू व्हायचा?" पगार म्हणजे महिन्याला १५०० रुपये, दिव्यांग असेल तर २५००. ही योजना १९८० सालची. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हे तेव्हापासून तुम्ही-आम्ही चौकातल्या हॉटेलात बसून, उधारीचा चहा पीत, सिद्ध करत आलो आहोत. तेव्हा नुसत्या मंजुरीच्या सह्या करणारे अध्यक्ष होऊ नका. या लोकांना कामाला लावा, म्हणजे मदतीची गरजच उरणार नाही. त्यासाठी नवीन काही उभारावे लागत नाही. व्यवस्था बरीचशी तयारच आहे, तुम्ही फक्त तिच्या आड येऊ नका.

सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे उत्पन्नाचा दाखला. पगार हवा असेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. दिव्यांगांना ५० हजारांपर्यंतची सूट आहे, तेवढे सोडून द्या. २१ हजार म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही माणशी नव्हे, अख्ख्या घराला. तालुक्याच्या स्टँडवर त्यात दोन वडापाव आणि अर्धा चहा येतो. एवढ्यात जगून दाखवणारी बाई मुळात निराधार कशी, ती तर अर्थशास्त्रज्ञ! तरी कोणी जगत असल्याचा दाखला घेऊन आलीच, तर घाबरू नका. तिला रोजगार हमीवर पाठवा.

यातली गंमत कागदावर मांडून बघा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. बाईने ६७ दिवस काम केले तर २०,९०४ रुपये होतात, तोपर्यंत ती गरीब. अडुसष्टाव्या दिवशी संध्याकाळी मस्टर, म्हणजे हजेरीपट, बंद होते तेव्हा तिचे उत्पन्न २१,२१६ झालेले असते. नियमाने ती आता सुस्थितीत आली. जुन्या कायद्याने हमी दिलेले शंभर दिवस पुरे केले तर ३१,२०० रुपये, म्हणजे जवळपास बागायतदारच. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्यात दिवस शंभराचे सव्वाशे झाले आहेत, त्यामुळे श्रीमंतीत काढायचे दिवस आणखी वाढले. सरकारच्या एका खात्याने दिलेले काम दुसऱ्या खात्याची मदत बंद करते. इतका समन्वय तुम्हाला रस्ता खोदणाऱ्यांत आणि पाइपलाइन टाकणाऱ्यांत कधी दिसला आहे का?

इथे कोणी चोंबडा विचारेल, की लाडक्या बहिणीला पण १५०० च मिळतात, तिच्या कुटुंबाला मात्र अडीच लाखांपर्यंत उत्पन्न चालते, मग विधवेच्या मानेवरच २१ हजार का? सांगून टाका, की बहिणी किती आहेत हे २०२४ च्या निवडणुकीत सगळ्यांनी मोजले. निराधार मोजायला सवड कोणाला आहे?

रोजगार हमी ही आपल्याच मातीतली योजना, हे भाषणात जरूर सांगा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती आधी तासगावकडे करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. बायांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले. १९७७ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली केंद्राने देशाचा केला. इथपर्यंत टाळ्या मिळतील, इथेच थांबा. पुढे एक वाक्य आहे ते गिळून टाकायचे: काम मागणे हा मागणाऱ्याचा हक्क, आणि मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव आणि नंतर निम्मा. हे एकदा रांगेत पसरले की तुमची अध्यक्षकी संपली.

म्हणून ग्रामरोजगार सेवकाला जवळ बसवा, चहा पाजा आणि सांगा: काम मागायचा अर्ज, म्हणजे नमुना ४, घे, पोच देऊ नकोस. सगळा कायदा त्या तारखेच्या पोचेवर उभा आहे. पोच नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? वर्षाच्या शेवटी अहवालात लिहिता येते की तालुक्यात कामाला मागणीच नाही. लोक एवढे सुखी झाले की त्यांनी काम मागणे सोडले! सेवक बिचारा फार नाही म्हणणार नाही, त्याचे स्वतःचे मानधनही रखडलेले असते.

तरी एखादी चिवट बाई कामावर पोचलीच, तर तिथे हजेरीचे ॲप आहे. दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून फोटो चढवायचा. माळावर रेंज नसते, त्यामुळे फोटो चढत नाही. फोटो चढला नाही म्हणजे बाई आली नाही, आणि बाई आली नाही म्हणजे तिने खणलेला खड्डाही नाही. दुसरीकडे, फोटोचाच फोटो काढून हजेरी लावल्याचे प्रकार देशभर इतके झाले, की केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला २०२५ च्या जुलैत त्यावर परिपत्रक काढावे लागले. म्हणजे तंत्रज्ञान नापास झाले असे समजू नका. जो कामावर आहे तो दिसत नाही, जो नाही तो दिसतो. देवाच्या बाबतीत हे आपण पिढ्यान् पिढ्या मानतच आलो आहोत.

अंगठ्याचेही तेच. अनुदान आता डीबीटीने थेट खात्यात येते, त्यामुळे आधार, बँक, मोबाइल सगळे एकमेकांना जोडलेले लागते. केंद्रावर बाई मशीनवर बोट ठेवते आणि पोरगा ओरडतो, "मावशी, अंगठा उठंना!" खुरपे, पाटी, विटा, शेण, धुणी यांत बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. तिने आयुष्यभर काम केल्याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नसेल, आणि नेमक्या त्याच पुराव्यावर तिचा अर्ज अडतो. तुम्ही स्वतः एकदा बोट ठेवून बघा, साहेब. पहिल्या फटक्यात उठेल.

मुलाखतीत काय विचारायचे याचा फार घोळ घालू नका. बाई धडधाकट दिसली तर "हातपाय चांगले आहेत की, काम कर". वाकलेली दिसली तर "वयाचा दाखला आण". शाळेचा दाखला मागा, शाळेत गेलीच नसेल तर डॉक्टरांचा मागा, डॉक्टरांनी दिला तर आधारवरच्या जन्मतारखेशी ताडून बघा. ती तारीख बहुतेक एक जानेवारीच असते. अख्खे गाव नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मले, याचा कोणाला संशय येत नाही. फरक फक्त निराधाराच्या कागदात सापडतो. नवऱ्याने टाकलेली असेल तर टाकल्याचा पुरावा मागा. टाकताना नवऱ्याने दाखला दिला नाही, हा काही समितीचा दोष नव्हे. आणि दर वेळी एकच कागद कमी सांगायचा. सगळे एकदम सांगितले तर बाई एकाच खेपेत घेऊन येते. तालुक्याला यायचे म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे, वर सेतूवाल्याचे पैसे. चार खेपांत ती स्वतःच हिशेब करते. इतका मन लावून केलेला रोजगार तिला कुठल्या योजनेत मिळाला नसता, फक्त त्याचे मस्टर निघत नाही.

एखादा पगारदार मित्र म्हणेल, "आमच्या टॅक्सवर पोसता यांना." त्याच्याशी वाद घालू नका, तो खरेच बोलतो आहे. त्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ साली याच रोजगार हमीसाठी लावला गेला. वर्षाचे झाले अडीच हजार. तेवढ्यात एका बाईची आठ दिवसांची मजुरी भागते. एवढा त्याग केलेल्या माणसाला संताप येणारच.

आता कौशल्य. कोणत्याही गरीब बाईला शिलाई मशीन दिले की ती उद्योजक होते, असे आपल्याकडे शास्त्र आहे. जिल्हा परिषदेच्या योजनेतून मशीन मिळते, मंत्र्यांच्या हस्ते वाटप होते, बाई मशीनच्या चाकावर हात ठेवून फोटो काढते. वाडीत घरे शंभर आणि मशीन तीस झाली, तर झंपर कोणाचे शिवायचे, हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. झंपर तालुक्याहून तयार येतात. पुढच्या वर्षी घरघंटी द्या. मग शेळ्या.

तिचा मुलगा बारावी झाला असेल तर त्याची वेगळी सोय आहे. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, तेही आधी सहा महिने. सहा महिन्यांत पोरगा ग्रामपंचायतीत झेरॉक्स काढायला शिकला. मुदत वाढून अकरा महिने झाली, तेव्हा स्टेपलर मारायलाही शिकला. मग प्रमाणपत्र हातात देऊन घरी पाठवला. आता तो कायम करा म्हणून आंदोलनाला जातो. म्हणजे घराबाहेर पडण्याची सवय तरी लागली.

एवढे सगळे केल्यावरही जी बाई उरते, तिला काम मिळवून देणारी एक संस्था तुमच्या तालुक्यात आधीपासून आहे. तिचे पोर्टल नाही, मेळावे नाहीत, टोल फ्री नंबर नाही. ती म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तो स्वतः दारात येतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाही, अंगठा उठतो का बघत नाही आणि उचल रोख मोजतो. सरकार काम केल्यावर पैसे द्यायला महिने लावते, हा कामाआधीच देतो. मग फेडायला दोन-तीन हंगाम गेले तरी तो समजून घेतो, बाईला तेवढे दिवस काम नक्की असते. फक्त त्याच्याकडेही एक नियम आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. विधवा गेली तर अर्धा कोयता. तिथेही तिला कोणी पूर्ण धरत नाही, पण निदान अर्धी तरी धरतात. आपल्या यादीत ती अजून त्रुटीत आहे.

ती कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात गेली की हयातीच्या दाखल्याचे शिबिर लावा. जानेवारी उत्तम. मंडप घाला, दवंडी द्या, पेपरला बातमी द्या. जे जिवंत असूनही आले नाहीत त्यांची नावे "अनुपस्थित" म्हणून कमी होतील. कोणाला जबरदस्ती केली नाही, कोणाचा अर्ज फेटाळला नाही, आणि लाभार्थी घटले. हा आकडा पालकमंत्र्यांना वाढदिवसाच्या दिवशी द्या.

मग चौकात मोठा फ्लेक्स लावा: "निराधारमुक्त तालुक्याचे शिल्पकार". वर पालकमंत्री, खाली तुम्ही, कडेला गॉगल घातलेले तेरा शुभेच्छुक. फ्लेक्स वीस बाय दहाचा तरी हवा, जाड कापडाचा, कडी-दोरीसकट. आठ दिवसांनी उतरवाल तेव्हा फेकून देऊ नका. पुढच्या हंगामाला निघताना फडावरच्या झोपडीवर, म्हणजे कोपीवर, टाकायला कोणीतरी बाई मागायला येईलच. देऊन टाका. तेवढी मदत उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय केली तर समिती काही हरकत घेणार नाही.