मुखपृष्ठाचे पैसे एकदाच का?

पुस्तकाची सातवी आवृत्ती निघते. लेखकाला रॉयल्टी मिळते, मुद्रकाचं नवं बिल होतं, बाइंडरचंही होतं. मुखपृष्ठ मात्र तेच. ते ज्याने केलं त्याला पहिल्या आवृत्तीच्या वेळी एक रक्कम मिळाली आणि विषय तिथेच मिटला. मराठी प्रकाशनातली ही पद्धत अन्यायाची आहे आणि ती बदलली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडचे मोठे चित्रकार आठवून बघा. दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976), दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांची मुखपृष्ठं पाहून लोक अंक उचलायचे. दलालांनी 1945 साली स्वतःचा 'दीपावली' हा अंक काढला, मुळगावकरांनी 'रत्नप्रभा' काढला. चित्रकारच अंकाचा मालक झाला, तेव्हा कुठे चित्रामुळे झालेल्या विक्रीचा पैसा चित्रकाराच्या घरी आला. व्यंगचित्रकार वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते. पु. लं.च्या पुस्तकांतली ती अचूक माणसं त्यांनी सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून काढली. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली, गणिताच्या पाठ्यपुस्तकांना चित्रं दिली, शिवाय 'हसरी गॅलरी' घेऊन गावोगाव प्रदर्शनं केली. इतक्या नावाजलेल्या माणसांच्या कारकिर्दीतही नुसतं 'अमक्या कथेला चित्र, तमक्या कादंबरीला मुखपृष्ठ' एवढंच काम नव्हतं. मग आज पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून हे काम करणाऱ्या पंचविशीतल्या मुलीने काय करायचं?

'एक चित्र तर काढायचं, त्यात काय एवढं' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे काम जरा जवळून पाहावं. ब्लॉकच्या, म्हणजे धातूच्या ठशांवरून छपाई होण्याच्या काळात कथाचित्र बहुधा लाइन ब्लॉकवर (नुसत्या रेषांच्या ठशावर) छापलं जाई. त्यात काळा आणि पांढरा एवढंच, करडा रंग नाहीच. सावली हवी तर रेघांची जाळी, ठिपके किंवा कोरडा ब्रश. चित्र छपाईच्या दीडपट-दुपटीने मोठं काढायचं आणि ब्लॉक करताना ते लहान व्हायचं. इथेच नवखा माणूस फसायचा. मोठ्या कागदावर एक मिलिमीटर अंतराने मारलेल्या रेघा निम्म्या आकारात अर्ध्या मिलिमीटरवर येतात. वृत्तपत्री कागद शाई शोषतो, शाई पसरते, आणि म्हाताऱ्याच्या मिशीतल्या सुट्या रेघांचा एक काळा गोळा होतो. उलट फार बारीक निबाने काढलेली रेघ लहान होताना मधेच तुटते. म्हणून जाणकार चित्रकार आधी कागद कोणता ते विचारायचा, मग निब निवडायचा. दलालांच्या रेषेतला तो जाड-बारीकपणा डोळ्यांना सुखावतो, पण छपाईत टिकायलाही रेषेत तेवढा जीव लागतो.

आज ब्लॉक गेले, पण अडचणी गेल्या नाहीत. पडद्यावर झळकणारा पोपटी आणि गर्द निळा चार रंगांच्या छपाईत मळकट होतो, त्यामुळे फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांत पाहावी लागते. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते; काळी रेघ फक्त काळ्या प्लेटवर ठेवावी लागते. ती चारही रंगांत गेली आणि प्लेट केसभर सरकली की रेघेला लाल-निळी किनार दिसते. रंगीत चित्र छपाईच्या आकारात 300 डीपीआयला (एका इंचातले ठिपके) चालतं, पण नुसती रेषा 600 ते 1200 ला द्यावी, नाहीतर कडा दातेरी येतात. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारा जादा भाग) ठेवावं, कारण कटिंगचा ब्लेड दर वेळी त्याच जागी पडत नाही.

आणि स्पाइन, म्हणजे पुस्तकाचा कणा! प्रकाशक सांगतो 200 पानं. म्हणजे 100 पत्रे. 70 जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) मॅपलिथो कागद साधारण 0.09 मिलिमीटर जाड धरला तर स्पाइन 9 मिलिमीटर. चित्रकार त्या मापाने बांधणी करतो. मग प्रस्तावना लांबते, परिशिष्ट येतं, 16 पानांचे दोन फर्मे वाढून पानं 232 होतात आणि जाडी दीड मिलिमीटरने वाढते. स्पाइनवरचं नाव मध्यापासून सरकतं, मुखपृष्ठाचा रंग कण्यावर चढतो. सगळं पुन्हा बसवावं लागतं आणि हे काम बहुतेक वेळा फुकटात होतं. त्यातून कागद ऐनवेळी बदलून बल्की (त्याच वजनात जास्त जाड) घेतला तर सगळं गणितच नव्याने. पानसंख्या आणि कागद ठरल्याशिवाय अंतिम फाइल मागूच नये.

दिवाळी अंकाची तऱ्हा आणखी वेगळी. कथा उशिरा येतात, अंकाची तारीख मात्र हलत नाही. मधला सगळा उशीर चित्रकाराच्या अंगावर पडतो. कथा पूर्ण न वाचता चित्र काढावं लागतं, आणि मग नायिकेच्या केसांची वेणी कथेत असते, चित्रात अंबाडा येतो. वाचक दोष चित्रकाराला देतो.

आता कायद्याचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये एक मेख आहे. मोबदला देऊन कोणी सांगून करून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो. म्हणजे तोंडी व्यवहारात नुकसान चित्रकाराचंच. उलट कागदावर दोन ओळी असल्या तरी परिस्थिती पालटते. कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम 57 तर हक्क विकल्यानंतरही लागू राहतं: चित्र आपलं आहे असं सांगण्याचा आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडेच असतो. मुखपृष्ठावरचा चेहरा कापून ऑडिओबुकच्या चौकोनात कसाही कोंबणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावं.

माझं म्हणणं परवडणारं आहे. समजा 1000 प्रतींच्या पहिल्या आवृत्तीसाठी मानधन 8000 रुपये ठरलं. पुढच्या प्रत्येक 1000 प्रतींच्या पुनर्मुद्रणाला त्याचे 20 टक्के द्या. ते झाले 1600 रुपये, म्हणजे प्रतीमागे 1 रुपया 60 पैसे. 300 रुपयांच्या पुस्तकात हे बसत नाही असं कोणी म्हणू नये. ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद आणि टी-शर्ट-मग यांचे दर वेगळे लिहा. दुरुस्त्या दोन फेऱ्यांपर्यंत मानधनात, तिसरीपासून वेगळे पैसे. कच्चं रेखाटन पसंत करून नंतर काम रद्द केलं तर निम्मे पैसे. कागदावरची मूळ चित्रं छपाईनंतर परत.

चित्रकारांनीही थोडं व्यवहारी व्हायला हवं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. ती असली की सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत चुकतं करणं खरेदीदारावर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास व्याजही लागतं. बिलावर नोंदणी क्रमांक टाका. 'अंक विकला गेला की बघू' याला उत्तर द्यायला तो क्रमांक पुरेसा बोलका असतो.

संपादकांकडे एक मागणी आहे आणि तिला दमडीही लागत नाही. 'सजावट: अमुक, तमुक' असं श्रेयनामावलीत एका ओळीत गुंडाळू नका. अनुक्रमणिकेत कथेच्या आणि लेखकाच्या नावाशेजारी त्या कथेच्या चित्रकाराचं नाव छापा, आणि लेखकांना पत्रं पाठवाल तेव्हाच चित्रकारालाही लेखी पत्र पाठवा: किती चित्रं, कोणता आकार, मजकूर कधी मिळेल, पैसे किती आणि कोणत्या तारखेला.