घाटाच्या अलीकडे रुग्णालय हवे

सरकारने दवाखाने चालवण्याच्या फंदात पडू नये, लोकांच्या हाती विम्याचे कार्ड द्यावे आणि उपचार खासगी रुग्णालयांवर सोपवावेत, असे मत हल्ली आमच्या देवगड तालुक्यातही शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकू येते. हे मत मांडणारी माणसे वाईट नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी सरकारी दवाखान्याच्या बाकावर ताटकळत दिवस काढलेले आहेत आणि त्यांचा संताप मला परका नाही. तरीही कोकणापुरते बोलायचे तर हे मत साफ चुकीचे आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हे लिहीत आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हापूसच्या राखणीसाठी कलमांतल्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, झोपलेले माझे काका रात्री दोनच्या सुमारास बाहेर आले आणि पायरीजवळच त्यांना फुरसे चावले. मोटारसायकलवर त्यांना मध्ये बसवून आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती आणि इन्व्हर्टरवर एकच दिवा जळत होता. बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, आलेला पंचविशीतला डॉक्टर मराठवाड्यातला होता. त्याने काकांच्या दंडातून थोडे रक्त काढले, ते एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत ओतले, नळी टेबलावर उभी करून ठेवली आणि कोणीही हात लावू नका असे बजावून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. काकी सारखी विचारत होती, "डॉक्टरांनू, हे वाचतले मां?" त्याला मालवणी फारशी कळत नसावी, पण प्रश्न कळला. "मावशी, वीस मिनिटं थांबा," एवढेच तो म्हणाला. वीस मिनिटांनी त्याने नळी तिरकी केली तेव्हा रक्त गोठलेले नव्हते, पाण्यासारखे वाहत होते. फुरसे किंवा घोणस चावल्यावर रक्ताची गोठण्याची शक्ती जाते आणि ती गेली आहे की नाही हे या काचेच्या नळीवरून कळते. त्यासाठी दुसरे कोणतेही यंत्र लागत नाही. त्यानंतर सिस्टरनी सापाच्या विषावरच्या औषधाची एकेक कुपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली, रिअॅक्शन आलीच तर हाताशी असावे म्हणून अॅड्रेनलिनचे इंजेक्शन भरून ठेवले, आणि दहा कुप्या सलाईनमधून काकांच्या अंगात गेल्या. सहा तासांनी पुन्हा तशीच नळी, तीच वीस मिनिटे. या वेळी रक्त गोठले. मग १०८ रुग्णवाहिकेतून त्यांना पुढच्या देखरेखीसाठी जिल्हा रुग्णालयात नेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत, त्यामुळे या सगळ्यात आमचा खर्च झाला तो मोटारसायकलच्या पेट्रोलचा.

आता हाच हिशेब एखाद्या खासगी रुग्णालयाच्या मालकाच्या नजरेने मांडून पाहावा. डोंगरात विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, निम्मी तरणी माणसे मुंबईत, घरी राहिलेली म्हातारी माणसे मनीऑर्डरच्या काळापासून हात राखून खर्च करणारी. अशा ठिकाणी महिन्यातून मोजक्याच वेळा लागणाऱ्या, मुदत संपली की टाकून द्याव्या लागणाऱ्या कुप्यांचा साठा करणे आणि रात्री दोन वाजता डॉक्टर, सिस्टर व शिपाई यांना पगार देऊन जागे ठेवणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच व्यवहार आहे. खासगी रुग्णालय इथे येत नाही त्याला कोणाची दुष्टबुद्धी कारण नाही. जिथे पैसे देणारे रुग्ण पुरेसे असतात तिथेच ते उभे राहू शकते, म्हणजे कणकवली, कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी अशा ठिकाणी, आणि त्याहून मोठे असेल तर घाटावर कोल्हापुरात.

कोकणाने वैद्यकशास्त्राला दिलेली एक मोठी देणगीही याच सरकारी केंद्रांतून आलेली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली धट्टीकट्टी मुले फुफ्फुसांत पाणी होऊन त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्रंदिवस बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशात जीव वाचवते हे दाखवून दिले. १९८६ मध्ये ते निरीक्षण लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. गरिबांच्या पोरांना होणाऱ्या आजारावर, जुन्या आणि स्वस्त गोळीने, नफ्याची कसलीही शक्यता नसताना केलेले हे संशोधन आहे. पुढे त्यांनी महाडला स्वतःचे रुग्णालय काढले, आणि २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल धाडलेला १२०० रुपयांचा धनादेश परत करून कट प्रॅक्टिसविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली तीही त्यांनीच. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खासगी व्यवसायातही सचोटीने वागणारी माणसे असतात हे मी नाकारत नाही. आमच्या गावात चाळीस वर्षे दहा-वीस रुपयांत औषध देणारे डॉक्टर होते, आणि डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासारख्या विश्वस्त संस्थांनी कोकणात किती मोठे काम केले आहे हे चिपळूणकरांना सांगायला नको. पण चांगल्या माणसांच्या भरवशावर अख्ख्या किनाऱ्याच्या आरोग्याची व्यवस्था सोडून देता येत नाही.

दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या बाजूला २०१६ पासून माकडतापाने माणसे दगावली, तेव्हा तर हे फारच स्पष्ट झाले. हा आजार गोचिडींमुळे होतो आणि काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या माणसांना गाठतो. तो रोखायचा तर मेलेल्या माकडांची नोंद ठेवावी लागते, वाडीवाडीत जाऊन ताप असलेल्यांचे रक्त घ्यावे लागते, ते तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि काजू वेचणाऱ्या बायकांना अंगाला लावायचे तेल नेऊन द्यावे लागते. यातल्या कोणत्या कामाचे बिल कोणत्या रुग्णाच्या नावाने फाडणार? हे काम उपकेंद्रातल्या नर्सबाई, आरोग्यसेवक आणि आशाताई करतात, आणि ते नीट झाले तर कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण न झालेल्या आजाराचा केस पेपर निघत नाही.

आता कार्डाविषयी. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, आपल्या राज्यात २०१२ पासून जीवनदायी योजना होती तिचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले, आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या योजनांनी हृदयाच्या आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना वाचवले आहे. त्या बंद कराव्यात असे कोणी म्हणू नये. परंतु त्या मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. रोजची बीपीची आणि साखरेची गोळी, तापाची तपासणी, गरोदर बाईचे महिन्याचे वजन हा खर्च त्यात बसत नाही, आणि कोकणातल्या घरांचा पैसा पाझरतो तो नेमका इथून. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण २०२१-२२ मध्येही सरकारांचा आरोग्यावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन दिले होते.

माझी आत्या जुलैमध्ये खळ्यातल्या शेवाळावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. केशरी रेशनकार्ड, आधार, योजनेचे कार्ड सगळे घेऊन आम्ही जवळच्या शहरातल्या एका खासगी रुग्णालयात गेलो. रुग्णालय योजनेत होते. दारावर फलकही होता. पण ते योजनेत होते मूत्रपिंडाच्या आजारांसाठी, हाडांसाठी नव्हते. योजनेतून करायचे तर कोल्हापूरला न्या, इथेच करायचे तर आधी डिपॉझिट भरा, असे काउंटरवर सांगण्यात आले. बाहेर पाऊस कोसळत होता, घाटात दरड आल्याची बातमी होती आणि आत्या स्ट्रेचरवर कण्हत होती. शेवटी तिच्याच पाटल्या गहाण टाकून आम्ही डिपॉझिट भरले. रुग्णालयाने नियमाबाहेर काहीच केले नाही, हे मला मुद्दाम नमूद करायचे आहे. पाच लाखांचे कार्ड आमच्या हातात होते आणि ते जिथे चालणार होते ते ठिकाण घाटाच्या पलीकडे होते.

सरकारी व्यवस्थेची बाजू घेताना तिचे अपराध झाकणे मला जमणार नाही. माझ्या भाचीच्या बाळंतपणात आम्ही एका सरकारी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा शस्त्रक्रियागृह होते, स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या, टेबलावरचा दिवासुद्धा नवा होता; भूलतज्ज्ञ नव्हते. ते पद कित्येक महिने रिकामे होते. "पुढे न्या," हे दोन शब्द कोकणातल्या प्रत्येक घराने ऐकलेले आहेत, आणि कळा येत असलेल्या मुलीला घेऊन वळणावळणाच्या रस्त्याने पुढे जाणे म्हणजे काय हे ज्याने केले त्यालाच कळते. सोनोग्राफीचे यंत्र येते आणि ते चालवणारा येत नाही म्हणून प्लास्टिकच्या आवरणाखाली पडून राहते. औषध संपले की बाहेरची चिठ्ठी हातात पडते. हे सगळे खरे आहे. पण त्यातली एकही गोष्ट सरकारने रुग्णालय चालवल्यामुळे झालेली नाही. ते अर्धवट चालवल्यामुळे झालेली आहे. तामिळनाडूने १९९५ पासून सरकारी महामंडळामार्फत औषधांची एकत्रित खरेदी सुरू केली, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे बांधली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक देऊन आपल्या गरजेप्रमाणे औषधे उचलण्याची सोय केली. तेही सरकारच आहे.

दुरुस्तीऐवजी हस्तांतराचा विचार मात्र वर सुरू आहे. जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना ६० वर्षांच्या कराराने जोडून द्यावीत असा आराखडा नीती आयोगाने २०२० च्या सुमारास मांडला होता, आणि त्यात रुग्णालयातले जवळपास निम्मे बेड 'मार्केट बेड' म्हणजे बाजारभावाचे असावेत असे सुचवलेले होते. गावोगावची माणसे जिथे सर्वांत शेवटी जातात त्या सिव्हिलचे निम्मे बेड बाजारभावाचे झाले, तर ती माणसे कुठे जातील? सिंधुदुर्गकरांना याची चव एकदा मिळालेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जात आलो, तिथल्या डॉक्टरांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, कारण परक्याच्या दारात आपला हक्क चालत नाही हे तेव्हा कळले. सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरी इथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, ती या दिशेने पडलेली योग्य पावले आहेत. आता ती प्राध्यापकांनी आणि यंत्रसामग्रीने भरली पाहिजेत.

ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी आपली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, त्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ मध्ये, आपल्याकडे भोर समितीने अहवाल दिला होता की पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचारांवाचून राहावे लागू नये. दर १० ते २० हजार लोकांमागे ७५ बेडचे प्राथमिक रुग्णालय असावे असे त्या समितीचे दीर्घकालीन स्वप्न होते. काका ज्या केंद्रात वाचले तिथे सहा बेड आहेत.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडण्यासाठी मी ठरावाचा मसुदा लिहिला आहे. ग्रामीण रुग्णालयातले भूलतज्ज्ञाचे पद कायमस्वरूपी भरावे, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्या गळक्या निवासस्थानांची पावसाळ्यानंतर लगेच दुरुस्ती व्हावी, आणि सर्पदंशाच्या कुप्यांचा शिल्लक साठा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, एवढ्याच मागण्या त्यात आहेत. शेजारच्या गावांतल्या ज्यांना आपल्या ग्रामसभेत असा ठराव मांडायचा असेल त्यांनी मला कळवावे, मी मसुदा पाठवतो.