पाळीची नोकरी आणि दिनचर्या

आदरणीय ताई,

सकाळ, दुपार आणि रात्र अशा फिरत्या पाळ्या करणाऱ्या परिचारिकेला 'रोज पहाटे ठरलेल्या वेळी उठा' असे सांगणे म्हणजे तिच्या थकव्याला आळस ठरवणे होय, असे आपण माझ्या लेखाविषयी लिहिले आहे. आपला संताप मला समजतो. परंतु दिनचर्या ही ठरावीक वेळेच्या नोकरदारांचीच मिरास आहे, हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही.

शरीराचे अंतर्गत घड्याळ साधारण चोवीस तासांच्या चक्रावर चालते आणि ते मुख्यतः उजेडाशी जुळवून घेते. म्हणूनच रात्रपाळीनंतर दिवसा घेतलेली झोप तुटक होते, आणि ती उणीव मनोनिग्रहाने भरून निघत नाही. अशा वेळी घड्याळाचा काटा सोडून कामांचा क्रम धरावा: ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेकडे रुग्णांची माहिती आणि काम सोपवून, घरी आल्यावर आंघोळ, थोडे खाणे, खोलीत अंधार, फोन बंद आणि झोप, बाकी सारे उठल्यावर. हा क्रम मोडतो तो बहुधा तिच्या हातून नव्हे. 'ती दिवसा घरीच असते' एवढ्यावरून सिलिंडर घेणे, पाहुण्यांचा चहा, मुलांना शाळेतून आणणे हे सारे तिच्याच वाट्याला येते. रात्री दोन वाजता आपण कुणाला उठवत नाही, तसे रात्रपाळीहून आलेल्या बाईला सकाळी अकरा वाजता उठवू नये. ही शिस्त घरातल्या इतरांनी पाळायची आहे.

ड्यूटी लिस्ट लावणाऱ्यांचीही जबाबदारी आहेच. झोप पुढे ढकलणे अलीकडे आणण्यापेक्षा शरीराला सहसा सोपे जाते. त्यामुळे सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पाळ्या बदलाव्यात आणि दोन पाळ्यांमध्ये पुरेशी विश्रांती मिळावी, ही मागणी संघटितपणेच करावी लागेल. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली लढून. त्यांच्या थकव्यावर वैयक्तिक शिस्त हा उपाय नव्हताच.

'मग अभ्यास कधी करायचा?' असे आपण विचारले आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारपाळीच्या दिवसांत मात्र पुरेशी झोप झाल्यावर, स्वयंपाकाला हात लावण्याआधी, अर्धा तास पुस्तक उघडावे. कारण ड्यूटीनंतर रात्री उशिरा घरी पोहोचल्यावर ते उघडले जाणार नाही.