लसणीचं तेल कानात नाही, फोडणीत घाला

गेल्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून मावशीचा फोन. नातवाचा कान फुटलाय, उशीवर पिवळं पाणी. "दोनच थेंब घातलंय रे, लसणीचा तेल, वायच गरम." कोणी सांगितलं? मुंबईच्या कुणा चाकरमान्याने व्हॉट्सॲपवर धाडलेल्या मेसेजने. दुपारपर्यंत तोच मेसेज मलाही तिघांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: मुलांच्या लशीमुळे कान-घशाच्या जंतूंनी जनुकं बदलली, आता एकही अँटिबायोटिक चालत नाही, उलट मुलाचं शरीर औषधाला सरावतं, हे जंतू समुद्राच्या पाण्यातून येतात, आणि लसणीपुढे कुठलाच जंतू टिकत नाही, म्हणून खोबरेलात लसूण कढवून कानात सोडा.

तेलाचं आधी, कारण बाकीच्या थापांनी डोकं फिरतं, ह्या थापेने कान जातो. सर्दीमागून मुलाचा कान ठणकतो तो पडद्याच्या आत. जंतू तिथे नाकामागून कानाकडे जाणाऱ्या नळीतून चढतात. मुलांची ती नळी आखूड आणि आडवी, म्हणून त्यांचेच कान जास्त धरतात. पडदा शाबूत असेल तर तुमचं तेल आत पोचतच नाही. फाटला असेल तर पोचतं, आणि नेमकं पोचू नये तिथे. मावशीच्या नातवाचा फाटलेलाच होता. डॉक्टरांनी आत बघितलं तर पू, तेल आणि लसणीचा एक करपलेला कण. त्यात आपली पावसाळी दमट हवा. तेलकट कानात बुरशीला आणखी काय हवं?

आता जनुकं. जंतू बदलतात, कबूल. पण लशीमुळे? कान बिघडवणाऱ्यांत न्यूमोकोकस हा जंतू पुढे, आणि मुलांची लस म्हणतोय ती ह्याच्याच विरुद्धची. मेलेल्या घातक न्यूमोकोकसबरोबर जिवंत निरुपद्रवी जंतू उंदरात टोचले तर तेही घातक होतात, हे लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथने जानेवारी १९२८ मध्ये छापलं. मेलेल्याचा डीएनए, म्हणजे जनुकं ज्याची बनतात ते द्रव्य, जिवंताने उचललं होतं, हे कळलं १९४४ मध्ये. आणि फ्लेमिंगला पेनिसिलिनची बुरशी दिसली ती १९२८ च्या सप्टेंबरात! म्हणजे औषध नव्हतं, मुलांची ही लस नव्हती, तेव्हाही न्यूमोकोकसचे हेच धंदे होते. रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधावी तसा हा शेजाऱ्याच्या जनुकाचा तुकडा आपल्यात बसवतो. पेनिसिलिनला न जुमानण्याची युक्तीही त्याने तोंडातल्या गरीब भावकीकडून अशीच लाटली.

एक गोष्ट मेसेजवाल्याला द्यावी लागेल, जिवावर आलं तरी. 'सायन्स' ह्या संशोधनाच्या नियतकालिकात २०११ साली एक अभ्यास आला. ह्या जंतूच्या एकाच वंशाचे २४० नमुने, त्यांत ७०० हून जास्त वेळा डीएनएची उचलाउचल. त्यातल्या दहा वेळा जंतूचं बाहेरचं कवच, ज्यावरून लस त्याला धरते तेच, बदललेलं, आणि लस सुरू झाल्यावर अमेरिकेत त्यातलं एक कवच फोफावलं. खरं आहे. पण लस जनुक बदलत नाही. बदल चालूच असतात, लशीच्या तावडीत न सापडणारे मागे उरतात. पुढच्या लशींत ते कवचही घेतलं. आपल्याकडे ही लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

औषधाला सरावतो तो जंतू, मुलाचं शरीर नव्हे. आणि "एकही चालत नाही" ही तर शुद्ध थाप. घशातला स्ट्रेप्टोकोकस, ज्याच्या मागून येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापात हृदयाच्या झडपा जातात, तो पेनिसिलिनने आजही मरतो. अॅझिथ्रोमायसिन ह्या दुसऱ्या अँटिबायोटिकला मात्र तो बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. आणि साध्या सर्दीला मेडिकलमधून त्याचीच तीन गोळ्यांची पट्टी आणणारे आपणच की.

समुद्राचं म्हणाल तर हे जंतू माणसाच्या नाका-घशात राहतात, पाण्यात नाही. पोहून दुखतो तो कान बाहेरच्या बाजूचा, तो आजारच निराळा.

हे सगळं मावशीला फोनवर वीस मिनिटं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "उरलेल्या तेलाचा काय करू?"

"आमटीक फोडणी घाल."