पद्मिनीचा पट्टा

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "बॉनेट उघडलं की सगळं कसं हाताशी!" लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणीही बसलेला असो, मीही त्याला हे ऐकवतो. ते खोटं नाही. माझ्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, आणि त्याच्याभोवती इतकी मोकळी जागा की आत पाट मांडून जेवायला बसावं. कार्बोरेटर हाताशी, प्लग हाताशी, डिस्ट्रिब्युटर तर 'या, बसा' म्हणतो. फॅन बेल्ट तेवढा नाही. तो राहतो पंख्याच्या मागे, आणि पंख्याच्या पुढे रेडिएटर. मधल्या फटीत हात जातो. परत कधी यायचं ते त्याचं तो ठरवतो.

एवढासा रबरी पट्टा, पण क्रँकच्या पुलीवर फिरत तो पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर तिघांना पोसतो. तो तुटला की आधी लाल दिवा लागतो, मग तापमानाचा काटा चढतो, मग वाफ. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या फियाटी (पद्मिनीचंच आधीचं नाव) ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. माझ्या पट्ट्याला आतून चिरा पडल्या होत्या. सकाळी गाडी सुरू केली की तो असा किंचाळायचा की सोसायटीतली कुत्री ओ द्यायची.

नवा पट्टा आणायला पुण्याच्या नाना पेठेत गेलो. दुकानदार म्हणाला, "जुना घेऊन या मापाला."

"तो गाडीत आहे."

"मग काढून आणा."

"काढला की गाडी बंद. मग येऊ कसा?"

"रिक्षाने," तो म्हणाला, आणि वर, "टॅक्सी होत्या तोवर ढीग असायचा हो मालाचा. आता तुमच्यासारखे शौकीनच येतात." 'शौकीन' हा शब्द त्याने ज्या सुरात उच्चारला त्या सुरात आमच्याकडे 'व्यसनी' म्हणतात. पण मुद्दा बरोबर होता. कुर्ल्याचा कारखाना कधीच थांबला. त्यानंतर या गाडीला जगवलं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांनी. त्यातली शेवटची 2003 साली ताडदेवला नोंदलेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तीही उतरली.

पट्ट्याच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. मोबाइल फटीत घालून फोटो काढले. बहुतेकांत माझंच बोट आलं. एकात नंबर आला आणि पट्टा मिळाला.

रविवारी कामाला लागलो. पुस्तकी कृती सोपी आहे: अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, पट्टा सैल पडतो, पंख्याच्या एकेका पात्यावरून ओढून बाहेर काढा. कृती लिहिणाऱ्याला मनगट नसावं. पाना बसतो तिथे फिरवायला जागा नाही आणि फिरवायला जागा आहे तिथे पाना बसत नाही. त्यामुळे चिमूटभर फिरवायचं, पाना काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा चिमूटभर. दर खेपेला रेडिएटरच्या पत्र्याच्या बारीक पात्या बोटांच्या सांध्यांवरची साल काढून ठेवून घेतात.

एव्हाना जोशीकाका खुर्ची घेऊन आले होते. काका एसटीतून निवृत्त. हिशेब खात्यातून, पण एसटीतून.

"टॉमी घाल, टॉमी!" काका म्हणाले.

"काका, टॉमी घातली तर रेडिएटर फुटेल."

"मग जपून घाल."

बायको चहा घेऊन आली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, हात अडकलाय की विचार करताय?"

दोन्ही चाललं होतं.

जुना निघाला, नवा पात्यांवरून आत गेला, आणि मग आला ताणाचा प्रश्न. अल्टरनेटर बाहेर ओढून पट्टा ताणायचा, ताण धरून ठेवायचा आणि त्याच वेळी बोल्ट आवळायचा. हे काम तीन हातांचं आहे. तिसरा हात काकांचा मिळाला, पण तो सल्ल्यासकट. पट्टा सैल राहिला तर घसरतो आणि ओरडतो. जास्त ताणला तर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटीमीटरभर दबला की ठीक. आता अंगठा कोणाचा, हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही. माझ्या अंगठ्याने ताण बरोबर होता, काकांच्या अंगठ्याने सैल, आणि बायकोने दाबून पाहिलं तर हललाच नाही. बहुमत कुठेच होईना, तेव्हा गाडी सुरू केली. पट्टा किंचाळला. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती खुर्ची पुढे ओढली. अजून थोडा ताणला, गप्प झाला.

"जुना टाकू नकोस," काका म्हणाले. "डिकीत ठेव. अडीनडीला लागतो."

"चिरा पडल्यात हो काका."

"असू देत. तुटलेल्यापेक्षा तुटायला आलेला बरा. घाट तरी उतरेल."

ठेवायला म्हणून डिकी उघडून स्टेपनी उचलली. खाली आधीच्या मालकांचे पट्टे होते, व्यवस्थित गुंडाळून, सुतळीने बांधून. सगळ्यांना आतून चिरा.

काकांनी वाकून पाहिलं. "बघ," ते म्हणाले, "जाणकारांच्या हातची गाडी आहे."