सात किलोमीटर कमी

नवी गाडी घेतली की लोक एकच प्रश्न विचारतात. "किती देते?" पेट्रोलच्या गाडीच्या काळात याचं उत्तर ठरलेलं असायचं: खरं अ‍ॅव्हरेज अधिक दोन. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर मला वाटलं, चला, थापा मारायचे दिवस संपले. संपलेच. आता थापा गाडी स्वतःच मारते.

कागदावर रेंज, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी जाईल ते अंतर, होती ३८० किलोमीटर. गाडी दाखवणाऱ्या मुलाने "तीनशे ऐंशी" खणखणीत आवाजात सांगितलं आणि मग जरा खालच्या पट्टीत पुटपुटला, "चालवण्यावर असतं, सर." पहिलं वाक्य मी पाठ केलं. दुसरं मला ऐकूच आलं नाही. मी उत्तम गाडी चालवतो असा माझा समज आहे, त्यामुळे ते वाक्य दुसऱ्या कुणासाठी तरी असणार.

हा ३८० येतो कुठून, ते मी नंतर वाचून काढलं. डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी असते. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात. हवा २३ अंश. समोरून वारा नाही, वाटेत चढ नाही, एसी बंद. साधारण २३ किलोमीटरचा, ३० मिनिटांचा एक ठरलेला फेरा असतो. त्यात मध्येच काही क्षण ताशी १३१ पर्यंत पळवतात खरे, पण थांबे धरून सरासरी वेग पडतो ४६.५. म्हणजे गाडीची परीक्षा एकटीची, थंडगार खोलीत, पेपर आधी माहीत असताना घेतलेली. मग घरच्यांना घेऊन उन्हात बाहेर काढली की तिचे मार्क कमी होणारच.

पहिल्या आठवड्यात मात्र गाडीने मला चढवून ठेवलं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. सिग्नल, गर्दी, ताशी तीसचा वेग. ब्रेक लावावा तेव्हा मोटरच जनरेटर होऊन वीज परत बॅटरीत भरायची. पेट्रोलची गाडी गावात जास्त पिते आणि हायवेवर कमी, हिचं सगळं उलट. शनिवारी रात्री शंभर टक्के चार्जिंग झालं तेव्हा पडद्यावर आकडा होता ३७२. मी बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "बरं." आणि झोपली.

रविवारी ताईकडे जायचं होतं. अंतर २७५ किलोमीटर. ३७२ वजा २७५ बरोबर ९७. दुसरीतल्या मुलालाही जमेल अशी वजाबाकी.

रस्ता मोकळा होता, गाडी नवी होती आणि पुढे दिसणाऱ्या प्रत्येकाला मी आवाजच न करता मागे टाकत होतो. काटा ११० वर. बायको शेजारी, मुलगा आणि आई मागे, एसी जोरात. तास झाला. ११० किलोमीटर झाले. मी सहज पडद्याकडे पाहिलं.

१५८.

११० किलोमीटर गेलो होतो आणि पडद्यावरून २१४ गेले होते. बाकीचे १०४ कुणी नेले? मी आरशात पाहिलं. आई डुलकी घेत होती. तिच्यावर संशय घेता येईना.

उरलेलं अंतर १६५. उरलेली रेंज १५८. सात किलोमीटर कमी.

"बाबा, वेग," मागून मुलगा म्हणाला. तो अकरावीला आहे, विज्ञान शाखेला, आणि हे तो आम्हाला विसरू देत नाही. "हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे ११० केलेत म्हणजे विरोध जवळजवळ दुप्पट केलात."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"हेडफोन होते."

मग त्याने आणखी एक माहिती दिली, जी त्याने दिली नसती तर बरं झालं असतं. आमची बॅटरी ५० युनिटांची. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. म्हणजे शेकडो किलो वजनाची, सीटखाली आडवी पसरलेली, हप्त्यांवर घेतलेली ही बॅटरी ठासून भरली तरी तिच्यात साडेपाच लिटर पेट्रोलइतकाच ऐवज. माझ्या जुन्या गाडीत साडेपाच लिटर उरलं की रिझर्व्हचा दिवा लागायचा. म्हणजे मी आज घरातून निघालो तोच रिझर्व्हवर! जुनी गाडी त्यातलं तीन चतुर्थांश पेट्रोल नुसती गरम होण्यात घालवायची आणि ही तसं करत नाही, असंही तो पुढे म्हणाला. पण तोवर माझं लक्ष उडालेलं होतं.

मी वेग ७५ वर आणला आणि एसी बंद केला.

एसी बंद केल्यावर पहिली पाच मिनिटं कुणाला कळत नाही. सहाव्या मिनिटाला आई जागी झाली. "काच उघड रे थोडी." मुलगा म्हणाला, काच उघडली तर हवेचा विरोध वाढतो. आई म्हणाली, विरोध माझाही वाढलाय. काचा उघडल्या. ज्यांना मी मघाशी मागे टाकलं होतं ते सगळे आता एकेक करून पुढे जाऊ लागले. एका जुनाट टेम्पोने हॉर्न दिला. त्यातल्या माणसाने जाता जाता काळजीने आमच्याकडे पाहिलं, गाडी बिघडली की काय म्हणून. मी पुढे एका मोठ्या ट्रकच्या मागे राहिलो, त्याच्या आडोशाला वारा कमी लागतो म्हणून. बायकोने अंतर वाढवायला लावलं. रेंजपेक्षा तिला आम्ही जास्त हवे होतो.

वाटेत चार्जर होता. म्हणजे फोनवर होता. जागेवरही होता, पण त्याचा पडदा काळा होता आणि त्याच्या सावलीत एक कुत्रा निवांत झोपला होता. त्या कुत्र्याला रेंजची काही पडलेली नव्हती.

आणि गंमत अशी की आकडा सुधारू लागला. मी दहा किलोमीटर जायचो, तो सहाने कमी व्हायचा. मग चारने. एकदा तर एकाने वाढला. त्या एकाचा मला जो आनंद झाला तो पगारवाढीचाही झाला नव्हता. मी मोठ्याने जाहीर करू लागलो. "एकशे बारा! अजून एकशे बारा!" बायको म्हणाली, "तू गाडी चालवतोयस की लिलाव?"

घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा बॅटरी २५ टक्के आणि पडद्यावर रेंज ९०. ताईचं घर ३२ किलोमीटर. मी इतका सुखावलो की दोन मिनिटं एसी लावला.

घाट २० किलोमीटरचा आणि ६०० मीटर उंचीचा. चढाला वीज जास्त लागते हे कुणालाही कळतं, पण किती, ते डोळ्यांनी बघायला काळीज लागतं. गाडी आणि आम्ही मिळून अठराशे किलो. एवढं वजन ६०० मीटर नुसतं उचलायला ३ युनिटं, पुढे जायचा खर्च वेगळा. ८१. ७०. ५८. वळणागणिक आकडा पायरी उतरत होता आणि आम्ही चढत होतो. आईने डोळे मिटून घेतले होते, ओठ हलत होते. मुलाने एक चूक केली. तो म्हणाला, "आजी, तुझ्या पिशवीत काय आहे एवढं जड?" पुढचे चार किलोमीटर कुणीच बोललं नाही.

माथ्यावर पोहोचलो. १४ टक्के. रेंज ३०. अंतर १२.

मग उतार लागला. पाय काढून घेतला आणि मोटरने वीज परत भरायला सुरुवात केली. ३१. ३३. ३८. गाडी चालतेय आणि रेंज वाढतेय! पेट्रोलच्या गाडीने उतारावर टाकीत कधी थेंबभर पेट्रोल परत आणून टाकलंय का? मला घोषणा द्याव्याशा वाटल्या. ताईच्या दारात गाडी उभी केली तेव्हा बॅटरी होती १५ टक्के. रेंज ४४.

मुलाने उतरता उतरता हिशेब केला. एसी स्थिर झाला की तासाला साधारण एक युनिट खातो. गावातल्या मुंगीच्या गतीने जाताना ते अंगावर येतं, कारण तास जातात आणि किलोमीटर होत नाहीत. पण आम्ही दोन तास घामाघूम होऊन जे वाचवलं ते सगळं मिळून पंधरा-सोळा किलोमीटर. आणि शिल्लक तर ४४ होते. "म्हणजे लावला असता तरी पोहोचलो असतो," तो म्हणाला. हे त्याने आईच्या देखत म्हटलं.

भावजींनी हौसेने बाहेरचा प्लग काढून दिला. साधा प्लग तासाला दोन युनिटं देतो. आम्हाला साडेबेचाळीस हवी होती.

"रात्री निघणार ना?" भावजी म्हणाले.

"एकवीस तास लागतील," मी म्हणालो.

भावजी सभ्य आहेत. ते काही बोलले नाहीत. पण रात्री दहाला ते गाडीपाशी जाऊन आले. "एकतीस टक्के." सकाळी सहाला पुन्हा. "त्रेसष्ट." ताई आग्रह करत होती आणि भावजी टक्के सांगत होते. दुपारी सव्वातीनच्या सुमारास ते जवळजवळ धावतच आत आले. "शंभर! झाले शंभर!"

आम्ही सगळे बाहेर गेलो. बॅगा दारातच होत्या, कुणी आणून ठेवल्या ते विचारलं नाही. मी गाडी सुरू केली. पडद्याला कालचा घाट पक्का लक्षात होता. आता तोच घाट आम्हाला उतरायचा आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याने दाखवलं: २६८.

भावजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. घरचं अंतर त्यांना तोंडपाठ होतं.

"सात कमी आहेत," ते म्हणाले आणि बॅगा उचलून मुकाट्याने परत आत घेऊन जाऊ लागले.