आपली टीमच खराब

बारावीच्या निकालानंतर माझी कुणी खरीखुरी मोजणी केली नव्हती आणि त्यामुळे माझं उत्तम चाललं होतं. ऑफिसात वर्षातून एकदा अप्रेझल होतं, पण साहेबालाही संध्याकाळी माझ्याच शेजारी उभं राहून चहा प्यायचा असतो. पाचापैकी साडेतीन देऊन तो मोकळा होतो, 'चार तरी हवे होते' असं पुटपुटून मी मोकळा होतो. सोसायटीच्या कमिटीवर मी बिनविरोध निवडून येतो, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही. घरात माझी किंमत काय हे बायकोला नक्की ठाऊक आहे, पण ती आकड्यात सांगत नाही. अशा सुखात पंचेचाळिशी गाठली आणि दिवाळीला आलेल्या भाच्याने माझ्या कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट टाकून दिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 2020 साली आलेला हा पाच विरुद्ध पाचचा गोळीबाराचा खेळ. एक बाजू स्पाइक नावाचा बॉम्ब लावायला येते, दुसरी तो लावू देत नाही. लागला तर 45 सेकंदांत फुटतो आणि निकामी करायचा तर 7 सेकंद बटण दाबून जागेवर बसावं लागतं. दारावरची बेल नेमकी याच 7 सेकंदांत वाजते. बारा राउंड झाले की बाजू बदलतात, आधी तेरा जिंकेल त्याची मॅच. एवढ्यावर थांबलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण खात्याची 20 वी लेव्हल झाली की 'कॉम्पिटिटिव्ह' खेळता येतं, आणि तिथे मॅच संपल्या संपल्या आपली लायकी पडद्यावर येते. वर्षातून एकदा नव्हे, दर चाळीस मिनिटांनी.

या लायकीच्या पायऱ्या अशा: आयर्न, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट, इमॉर्टल. प्रत्येकात तीन-तीन. सगळ्यांच्या वर रेडियंट, तिथे एका प्रदेशातले फक्त 500 जण बसतात. एकूण 25 पायऱ्या. मला आयर्न टू मिळाला. वरून मोजलं तर 24 वा येतो, म्हणून मी खालून मोजतो. बहिणीने फोनवर विचारलं तेव्हा 'दुसऱ्या नंबरवर आहे' एवढंच सांगितलं, तिला फार आनंद झाला. त्यातही असेंडंट हा प्रकार 2022 मध्ये मधेच घुसडलेला आहे. मी आधी सुरुवात केली असती तर वरून 21 वा असतो.

आता मी आयर्नमध्ये का आहे? कारण उघड आहे. माझी टीम खराब आहे.

ही टीम रोज नवी असते आणि रोज तीच असते. मुंबई सर्व्हरवर रात्री साडेदहाला अनोळखी माणसं एकत्र येतात आणि एकमेकांना पात्रांच्या नावाने हाका मारतात. त्यात एक जेट असते. ती एकटीच पुढे धावते, पहिल्या दहा सेकंदांत मरते आणि मग उरलेला राउंड आम्हाला कसं खेळावं ते शिकवते. एक सेज असते, जिचं काम इतरांवर उपचार करणं, पण ती स्वतःवरच करते. एक रेना असते. तिचा माइक कायम चालू. त्यातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि तिसऱ्या शिट्टीला रेना गॅस बंद करायला जाते, मग आम्ही चौघं. चौथा 'भाई, मैं तो स्मर्फ हूँ' असं सांगतो, म्हणजे मी मुळात डायमंडचा, इथे दुसऱ्या आयडीवरून गंमत म्हणून आलोय. आयर्नमध्ये इतके डायमंडवाले भेटतात की खुद्द डायमंडमध्ये आता कोण उरलं असेल, असा प्रश्न पडतो. पाचवा मी. मी ओमेन घेतो, कारण तो धूर सोडतो आणि धुरात कुणाला काही दिसत नाही. मी तोंड उघडलं की पलीकडून विचारलं जातं, "अंकल हो क्या?" एकदा आवाज पातळ करून बोलून पाहिलं. "आंटी हो क्या?"

या सगळ्या मोजमापाचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले गृहस्थ अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि बुद्धिबळ उत्तम खेळायचे. खेळाडूचा कस आकड्यात मांडण्याची त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने 1960 मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 मध्ये स्वीकारली. हिशेब सरळ आहे. समोरच्यापेक्षा तुमचे 200 गुण जास्त असतील तर चारातले साधारण तीन डाव तुमचे; 400 जास्त असतील तर अकरातले दहा. अपेक्षेपेक्षा बरं खेळलात तर गुण चढतात, वाईट खेळलात तर उतरतात. स्वतः एलोंचा या आकड्यांवर फाजील विश्वास नव्हता. पाण्यावर हेलकावणारं बूच, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावं तसं हे काम आहे, अशा अर्थाचं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मला हा माणूस फार आवडला. दुर्दैवाने पुढच्या लोकांनी बूच आणि पट्टी घेतली आणि नम्रपणा मागे ठेवला.

शिवाय एलोंचा खेळ एकास एक. बुद्धिबळात हरल्यावर दोष द्यायला आपला घोडासुद्धा तोंड वर करत नाही. इथे पाच जण मिळून हरतात आणि गुण मात्र ज्याचे त्याचे कापले जातात. त्यातून व्हॅलोरंटमध्ये दोन आकडे असतात. एक आत लपलेला, त्यावरून मॅच जुळवतात. दुसरा दिसणारा, तो आपल्याला झोपू देत नाही.

मी हिशेबखात्यातला माणूस. नुसतं रडत बसणं स्वभावात नाही, म्हणून एक्सेलमध्ये नोंदी ठेवायला लागलो. तारीख, नकाशा, स्कोअर आणि पराभवाचं कारण. कारणांच्या रकान्यात जेट, सेज, पुन्हा जेट, नेट गेलं, कुकर, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल अशी सगळी विविधता होती. भाचा आला तेव्हा ती फाइल अभिमानाने दाखवली. त्याने शांतपणे शेजारी एक नवा रकाना काढला, डोक्यावर 'मॅचमध्ये कोण हजर होतं' असं लिहिलं, पहिल्या चौकटीत माझं नाव टाकलं आणि कोपरा धरून खालपर्यंत ओढत नेलं.

मी म्हटलं, नमुना लहान आहे.

"मामा, साधी गोष्ट आहे," तो म्हणाला. हा मुलगा 23 वर्षांचा, स्वतः डायमंड, आणि त्याचा आवाज बँकेतल्या त्या खिडकीवरच्या माणसासारखा, जो फॉर्म परत देतो. "समोरच्या टीममध्ये अनोळखी माणसं पाच. तुझ्या टीममध्ये अनोळखी चारच, पाचवा तू. गाढव असण्याची शक्यता कुठे जास्त? समोर. म्हणजे पुष्कळ मॅच खेळल्यास तर गाढवांचा फायदा तुलाच मिळायला हवा."

"मग मिळत का नाही?"

"हिशोबात एक अट आहे," तो म्हणाला आणि चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला.

तेव्हापासून मी आत्मसुधारणा हाती घेतली. तिचं एक सांगतो, तिला खेळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि ती खेळापेक्षा कितीतरी आनंदाची असते, कारण तिच्यात कुणी गोळ्या घालत नाही. रोज रात्री एखादा विशीतला मुलगा यूट्यूबवर मला सांगतो की तुम्ही आयर्नमध्ये अडकलाय त्याची पाच कारणं आहेत. मी वहीत उतरवून घेतो. वह्या पोरांच्या जुन्या आहेत, मागच्या कोऱ्या पानांवर.

पहिला धडा माउसचा. माझा माउस म्हणे फार चपळ होता, नुसतं शिंकलं तरी ओमेन गरकन फिरायचा. मुरलेले खेळाडू माउस मंद ठेवतात आणि मनगटाऐवजी सगळा हात हलवतात. मी माउसच्या चपळाईचा आकडा, डीपीआय म्हणतात तो, 800 केला आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी 0.3 केली. या हिशेबाने पूर्ण गिरकी घ्यायला माउस सुमारे 54 सेंटीमीटर सरकवावा लागतो. पाठीमागे बघायला 27. आमच्या टेबलावर डावीकडे कीबोर्ड, उजवीकडे प्रिंटर आणि त्याच्यावर बायकोची कुंडी. मधे माउसला 20 सेंटीमीटर मिळतात. म्हणजे मी एका दमात 130 अंश वळू शकतो. उरलेल्या 50 अंशांतून शत्रू येतो. माउस उचलून पुन्हा मधे ठेवायचा आणि उरलेलं वळायचं, असं शास्त्र आहे. मी ते करतो. मी वळून पोचतो तेव्हा तिथे माझंच प्रेत असतं. प्रिंटर हलवायचा प्रस्ताव मांडला होता. बायको म्हणाली, "कशासाठी?" या प्रश्नाचं पंचेचाळिशीत मोठ्याने देता येईल असं उत्तर मला सुचलं नाही.

दुसरा धडा क्रॉसहेअरचा, म्हणजे पडद्याच्या मधोमध असलेल्या नेमाच्या खुणेचा. व्हँडल नावाची, गेममधल्या 2,900 क्रेडिट्सची बंदूक आहे, तिची एकच गोळी डोक्यात बसली की माणूस कितीही लांब असो, संपला. म्हणून नेम सतत डोक्याच्या उंचीवर धरून चालायचं. माझा नेम कायम जमिनीवर. भाचा ओरडायचा, "मामा, फरशी काय बघतोस?" अरे, मी पुण्याच्या फुटपाथवर वाढलोय. जमिनीकडे बघून चालतो म्हणून तर अजून दोन्ही घोटे शाबूत आहेत. शत्रूने मारलं तर पुढच्या राउंडला पुन्हा उठता येतं, फुटपाथवर तसली सोय नाही.

तिसरा, नेम पक्का करायच्या सरावाचा. त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअरं मिळतात. हवेत रंगीत गोळे येतात, टिपायचे. त्यात मी खरोखर सुधारलो. गोळा दिसला की सोडत नाही. पण व्हॅलोरंटमधली माणसं गोल नसतात, आणि गोळे उलटून फायर करत नाहीत. ॲन्डर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून मांडलं होतं की नुसते तास घालवून भागत नाही, नेमका कच्चा भाग धरून, चुका लगेच कळतील अशा बेताने घासावं लागतं. पटतं. पण त्या व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी जेट बसलेली नव्हती.

मग मी वयाकडे वळलो. हे एक सन्मान्य कारण आहे आणि कुणी उलट बोलत नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांचा 2014 चा एक निबंध सापडला. स्टारक्राफ्ट टू हा दुसरा एक कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या 3,305 जणांच्या खेळाच्या नोंदी तपासून त्यांनी काढलं होतं की हातांची तत्परता वयाच्या 24 व्या वर्षापासूनच घसरायला लागते. मी तो लगेच भाच्याला पाठवला. आता तुझ्याकडे एकच वर्ष उरलंय, असंही खाली लिहिलं. त्या रात्री त्याने उत्तर दिलं नाही, आणि व्हॅलोरंट हाती घेतल्यापासूनचा तो माझा सर्वांत मोठा विजय होता. स्वतःसाठी वाचलं तर त्यात दिलासाही होता, थोराड खेळाडू शॉर्टकट आणि सोप्या युक्त्या वापरून वेगातली तूट भरून काढतात असं त्यांना दिसलं होतं. मुख्य म्हणजे त्या अभ्यासातली माणसं 16 ते 44 वयाची होती. मी 45 चा. त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या माझ्याबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

आणि एके रात्री मी ब्राँझ वन झालो. पडद्यावर सोनेरी-तपकिरी काहीतरी उलगडलं, वाजलंसुद्धा. घरात सगळे झोपले होते, म्हणून फ्रिज उघडून उभ्या उभ्या श्रीखंड खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरायला सुरुवात. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही वर चढलात की यंत्रणा तुमच्यासमोर त्याच तोलामोलाची माणसं आणून उभी करते. दोन्ही बाजू जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी असावी, हाच तिचा धंदा. म्हणजे आयर्नमध्ये असताना मी साधारण निम्म्या मॅच हरायचो, इतका घाम गाळून ब्राँझमध्ये आलो आणि आता साधारण निम्म्या मॅच हरतो. फरक एवढाच की इथली जेट वीस सेकंदांनी मरते.

गेल्या महिन्यात मात्र नशीब फळफळलं. टीममध्ये ब्रिमस्टोन म्हणून एक होते. (पात्रही पांढऱ्या दाढीचंच आहे.) तिसऱ्या राउंडला इयरफोनमध्ये आवाज आला, "अहो ओमेन, तेवढा धूर टाका की ए साइटला." सर्व्हरवर मला आजवर पुष्कळ काही म्हटलं गेलंय, पण 'अहो' पहिल्यांदाच. मी विचारलं, "आपण कुठले?"

"मिरज. आपण?"

"पुणे. पण माझी आत्या मिरजेतच होती, स्टेशनच्या बाजूला."

"स्टेशनला कुठं हो?"

पुढचे काही राउंड आम्ही एका खोक्यामागे बसून काढले. आत्याच्या घरमालकांपर्यंत पोचलो, ते त्यांच्या साडूंच्या ओळखीचे निघाले. गुडघ्याला कुठलं तेल लावता, पीएफचं व्याज जमा झालं का, हेही झालं. जेट मधेमधे "अंकल लोग, स्पाइक लग गया, रोटेट करो यार!" असं किंचाळत होती, पण मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये हे तिला घरी शिकवलेलं दिसलं नाही. आम्ही 13-4 हरलो.

"तुम्ही बरं खेळता," निकाल लागल्यावर ब्रिमस्टोन म्हणाले.

"तुम्हीसुद्धा."

"टीमच खराब लागती बघा."

मी तिथल्या तिथे फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली. आता आम्ही रोज रात्री जोडीनेच मॅचला बसतो. हरण्यात काही फरक पडलेला नाही. फक्त दोष द्यायला आता चाराऐवजी तीनच माणसं उरतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडा जास्त येतो.